मामाच्या अंगठ्याचं हाड

५ जानेवारी २०२५

खताच्या दुकानदाराने यंदाही डायरी दिली. पहिल्या पानावर गणपती, शेवटच्या पानावर एकरी युरिया किती टाकायचा त्याचा तक्ता. चार दिवस कोरी ठेवली, आज बसलो. नहरीचं, म्हणजे कालव्याचं, रजिस्टर वेगळं आहे. त्यात तारीख, गेट, पाण्याची उंची आणि सही. मनातलं लिहायला त्यात रकाना नाही, म्हणून ही वही.

बायको कुंता म्हणाली, "दिवसभर पायी फिरता अन् घरी येऊन तेच लिहून राहता. हौस नाई फिटत का जी तुमची?" 

यंदा इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सुटणार, हे पक्कं झालं. आमच्या मायनरवर, म्हणजे मोठ्या नहरीतून निघणाऱ्या लहान नहरीवर, पाणी वापर संस्थेचा पाटकरी मी. एकोणीस वर्षं झाली. वरच्या गेटपासून टेलपर्यंत साडेपाच किलोमीटर. टेल म्हणजे शेवटचं टोक, जिथे पाणी सगळ्यात उशिरा पोचतं आणि सगळ्यात आधी संपतं. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर होतात. मोटारसायकल निम्म्यापर्यंतच जाते, पुढची पार, नहरीकाठचा भराव, अरुंद आहे. कुठे पार फुटली, कुणी रातोरात तोंड फोडून आपल्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी वळवलं, कुठे गवत अडकलं, हे चालल्याशिवाय कळत नाही.

उजव्या अंगठ्याच्या बुडाचं हाड पुन्हा दुखतंय. ते बाहेर आलेलं आहे, लहान कांद्याएवढं, आणि अंगठा शेजारच्या बोटाच्या अंगावर पडला आहे. माईचे दोन्ही पाय असेच होते. ती त्याच पायांनी जन्मभर चिखलात धानाचा रोवणा रोवत गेली, कधी हूं की चूं केलं नाही. आपणही करू नये.

१२ जानेवारी

संस्थेने नवे गमबूट दिले. अध्यक्ष केशोराव यांनी चारचौघांत माझ्या हातात ठेवले, फोटो काढला. आठ नंबरचे. माझा पाय नऊचा, तोही रुंद. पण फोटो निघून गेल्यावर "मले लहान होतात जी" कसं म्हणायचं? घरी येऊन घातले. उजवा पाय घालायला तेल लावावं लागलं. वापरून वापरून सैल होतील.

१३ जानेवारी

रबर सैल होत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. कामठ्याहून माझी बहीण सुलोचना आली, सोबत तिची पोरगी भूमेश्वरी. भाची दारात आली तसा मी पुढे होऊन तिच्या पाया पडलो. आम्हा पोवारांत भाची म्हणजे देवच. मामाने तिच्या पाया पडायचं. तिने चुकूनही मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाच्या माथी, भाचीच्या नाही. माळव्यातून आमचे पूर्वज आले तेव्हा ढोरं-वासरं अन् काय काय आणलं ते माहीत नाही, पण हे नक्की सोबत आणलं.

भूमेश्वरी तीस वर्षांची आहे. नागपूरला फिजिओथेरपी शिकली, गोंदियात एका दवाखान्यात काम करते. आमच्या घराण्यात एवढं कुणी शिकलं नाही. पण पायात बूट पाहावे तर मर्दानी, पुढून एवढे चौडे की त्यात कोंबडी अंडी घालेल. मी म्हटलं, "बाई, हे बूट होत की नदीतले डोंगे?" ती हसली. म्हणाली, "यात बोटं मोकळी राहतात मामाजी." मोजे तर घरातही काढले नाहीत. सुलोचना म्हणाली की चुलतबहिणीच्या लग्नातही हिने साडीखाली हेच बूट घातले आणि वरातीत नाचायची वेळ आली तर खुर्ची धरून बसली. दोन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले, त्यांना नाही म्हणाली. शिकलेल्या पोरींचे नखरे, दुसरं काय. मी बहिणीला तसं सांगितलंही.

मी पाणी द्यायला उठलो तर तिने लगेच हेरलं.

"मामाजी, लंगडून काऊन राहिले? पाय दाखवा."

मी दोन्ही पाय खाटेखाली ओढले. ती वाकली तसा उठून आत गेलो. ती काही मागे आली नाही. बाहेरूनच विचारत राहिली. सांजेले आतून आग होते का? बूट काढल्यावर पहिली दहा मिनिटं जास्त ठणकते का? पायावर पांघरूणही नकोसं होते का? सगळं खरं. पुस्तकांत किती बारीक बारीक लिहिलेलं असतं, आश्चर्य वाटलं.

म्हणाली, याला बनियन म्हणतात. नाव ऐकून कुंता हसली, मी नाही हसलो. हाड वाढत नाही म्हणे, सांधाच सरकतो. पायाची घडण घराण्यातून येते आणि बोटं दाबणारे चिंबट बूट तिला आणखी बिघडवतात. ऑपरेशनाशिवाय हाड आत जात नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं. चौडे बूट, बोटांमध्ये मऊ उशी, रोज थोडा व्यायाम.

"हे गमबूट उद्यापासून बंद. अन् मले दाखवाचं नसन तर गोंदियाले हाडाच्या डॉक्टरकडे चला. मी नेते तुमाले."

आता हे कसं जमायचं? भाचीला पाय दाखवला तर पाप. आणि घरात शिकलेली भाची असताना परक्याच्या दारात गेलो तर तिचा अपमान. लोक म्हणतील, सख्ख्या मामाचा भरवसा नाही, आपण काऊन जावं तिच्याकडे? मी हो-हो म्हटलं आणि तिळाचे लाडू बांधून दिले.

२१ जानेवारी

पाणी सुटलं. टेलपर्यंत जाऊन आलो. परतताना शेवटचा एक किलोमीटर टाचेवर चाललो. बिसराम टेलवर भेटला. त्याच्या तीन बांध्या अगदी टोकाला आहेत. पाणी पोचलं की तो पितळी गिलासात चहा आणून देतो. एकोणीस वर्षं देतो आहे. चहा पिईपर्यंत बरं वाटलं.

२३ जानेवारी

अंगठा सुतळीने ओढून खाटेच्या पायाला बांधला. वाकडं रोप काठीला बांधलं की सरळ होतं, मग अंगठा काऊन नाही? तासभर बसलो. कुंता बाजारातून आली, म्हणाली, "गोऱ्हा बांधला का जी?" सोडलं तेव्हा अंगठा निळा पडला होता आणि जिथे होता तिथेच परत गेला.

२७ जानेवारी

आठवडी बाजारात बसणाऱ्या एका गोळ्यावाल्याला दाखवला. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, युरिक ॲसिड. इंजेक्शन दिलं, लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या, डाळ बंद केली. आज एकदम हलकं वाटतंय. मनात म्हटलं, बघा, उगाच भाचीला त्रास दिला असता.

३० जानेवारी

दुखणं परत आलं, डाळ मात्र गेली ती गेलीच. भूमेश्वरीचा फोन आला. कुंताने सगळं ओकून टाकलं.

"रक्त तपासलं का मामाजी?"

"नाई."

"मंग युरिक ॲसिड त्यानं कशानं मोजलं, डोळ्यानं?"

केशोरीला जाऊन रक्त दिलं. दुपारीच कागद आला. युरिक ॲसिड बरोबर, साखरही बरोबर. कुंताने त्याच सांजेला तुरीची डाळ केली.

४ फेब्रुवारी

हाडावरची कातडी जाड होऊन टोचत होती. दाढीच्या पात्याने थोडी सोलली. थोडी म्हणता म्हणता रक्त आलं. चिंधी बांधली, वरून गमबूट. कुंताला सांगितलं नाही, पण चादरीने सांगितलं.

९ फेब्रुवारी

रविवार. भूमेश्वरी आली. कुंतानेच बोलावली असणार. मी पाया पडलो आणि आधीच बजावलं, हात लावायचा नाही.

मग जे झालं ते लिहून ठेवतो, पुढे कुणाला खरं वाटणार नाही. मी खाटेवर. कुंता खाली माझा पाय धरून. भूमेश्वरी उंबऱ्यावर उभी, आणि तिथून हुकूम सोडते आहे.

"मामीजी, अंगठा बुडाशी धरा. टोकाशी नाई, बुडाशी. आता हळू आपल्याकडे ओढा, अन् बाहेर वळवा."

कुंताने गाईचं दावं ओढावं तसा ओढला. मी ओरडलो. भूमेश्वरी एक पाऊल आत आली, मी पाय मागे घेतला, ती परत उंबऱ्यावर. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा ती आतच आली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली, एक पाय दुसऱ्यावर ठेवून, आणि म्हणाली, "माझ्याकडे रोज वीस लोक पाय घेऊन येतात मामाजी. घरचा एक पाय मले पाहू नाई देत."

मी म्हटलं, "तू देव आहेस बाई आमच्यासाठी. देवाच्या हातानं पाय दाबून घेऊ का?"

 तिने खुर्ची मागितली. एवढ्या तरण्या पोरीला उभं राहवत नाही, मला नवल वाटलं.

जखम पाहून तिने सांगितलं की रोज धुऊन पट्टी, गमबूट बंद, दहा दिवस नहरीवर जाणं बंद, काम कुणाला तरी द्या. आणि डॉक्टरला दाखवाच, जखम आत गेली तर महागात पडेल. मी मान हलवली. कुंता माझ्याकडे पाहत होती. तिला माझी ती मान ठाऊक आहे.

काम देऊ कुणाला? एकदा दुसऱ्याच्या हातात गेटची चावी गेली की परत येत नाही. गावात दोघं तिघं टपून आहेत. मी पाटकरी नसलो तर मी कोण आहे? नुसता दीड एकरवाला नत्थूलाल.

१३ फेब्रुवारी

पाण्याची दुसरी पाळी. सकाळी पाणी सोडलं. तिसऱ्या गेटपर्यंत गेलो. तिथे गमबूट काढला तर मोजा ओला होता. पुन्हा घालता येईना. पारीवर अर्धा तास बसलो, मग परत आलो.

रजिस्टरमध्ये लिहिलं: "टेलपर्यंत पाणी पोचले. सायं. ५.१०. सही, नत्थूलाल पटले."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा असं लिहिलं. पाणी उताराकडे जातंच, त्याला कुणी हात धरून न्यायची गरज नाही. पोचलं असेल. पोचलंच असेल.

१८ फेब्रुवारी

सकाळी बिसराम दारात. त्याच्या बांध्यांत भेगा पडल्या. चौथ्या गेटच्या पुढे सिमेंटच्या पाइपात गवत आणि पोती अडकली होती, पाणी तिथूनच बाजूच्या नाल्यात गेलं. पाच दिवसांनी त्याने स्वतः काढली. दोन बांध्या वाचतील म्हणाला, तिसरीचा धान पिवळा पडला.

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "नत्थूभाऊ, तुम्ही आले होते का जी त्या दिवशी तिकडे?"

मी म्हटलं, "आलो होतो."

"मंग मले काऊन नाई दिसले? मी अंधार पडेपर्यंत चहा घेऊन बसलो होतो पारीवर."

कुंता आत भाकर थापत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला. बिसराम "बरं जी" म्हणाला आणि गेला. मला फार वाईट वाटलं. हे लिहितानाही वाटतंय.

२० फेब्रुवारी

केशोराव यांचा निरोप. २ मार्चला संस्थेची सभा आहे. त्यात रजिस्टर वाचलं जाईल. "बिसराम खोटा बोलून राहिला की तुम्ही, ते तिथंच ठरू द्या," म्हणाले. पाटकरी बदलायचा विषयही कागदावर घेतला आहे.

रजिस्टरवर माझी सही आहे. बिसरामकडे कागद कोणताच नाही. म्हणजे मी सांगेन तेच खरं ठरेल. दिवसभर हाच विचार आला आणि एकदाही मी तो मनातून काढला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

२३ फेब्रुवारी

आज भूमेश्वरी न सांगता आली. केशोरीपासून कुणाच्या तरी गाडीवर बसली आणि शेवटचा तुकडा बांध्यांमधून पायी आली. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून पाय घसरला. बूट-मोजे चिखलाने भरले. अंगणातल्या नळावर तिने ते काढले, पाय धुतले आणि तशीच अनवाणी पडवीत आली.

मी पाया पडायला पुढे झालो. एरवी मी वाकतो, बोटं टेकवतो, कपाळाला लावतो आणि उठतो. आज उजव्या पायावर भार घेऊन वाकवेना. म्हणून खालीच बसलो आणि तिचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरले.

दोन्ही पायांना हाड. माझ्यापेक्षा मोठं. डाव्या पायाचा अंगठा दुसऱ्या बोटाच्या खाली गेलेला, दुसरं बोट वर चढलेलं. त्या दोघांच्या मधे रबराची लहानशी उशी, पांढऱ्या पट्टीने बसवलेली. हाडावर जुना काळा डाग.

मी वर पाहिलं. ती पाय मागे घेऊ पाहत होती. मी सोडले नाहीत.

"हे कधीपासून?"

"नववीपासून. आजीचे पाय आले मले. आईले नाई आले."

"सुलोचनाला माहीत आहे?"

"माहीत आहे. झाकून ठेव म्हणते, लगन होऊ दे मंग पाहू."

"अन् ते दोन ठिकाणचे पाहुणे?"

"मी त्यायच्यासमोर मोजे काढले. निरोपच आला नाई. आईनं मीच नाई म्हटलं असं सांगितलं सगळ्यायले."

ती नववीत होती तेव्हापासून दर सणाला, दर लग्नात मी या पायांवर डोकं ठेवत आलो आहे. पंधरा वर्षं. पाया पडलो आणि पाय पाहिले नाहीत. वर तिच्या बुटांना डोंगे म्हणालो. मला तिथेच रडू आलं. कुंता पाण्याचा गडवा घेऊन उभी होती, तिने तोंड फिरवलं.

भूमेश्वरीच सावरली आधी. खुर्चीवर बसली, पाय माझ्या पुढ्यात ठेवला.

"मामाजी, मी तुमच्या पायाले हात लावू नाई शकत. बरोबर?"

"बरोबर."

"पण तुम्ही माझ्या पायाले हात लावू शकता. उलट लावलाच पाहिजे. मंग माझ्या पायावर शिका, अन् आपल्या पायावर करा. यात कोणतं पाप लागते ते सांगा."

मी खूप विचार केला. कोणतंच सापडलं नाही.

तिचा पाय मांडीवर घेतला. एका हाताने तळवा धरायचा, दुसऱ्या हाताने अंगठा बुडाशी. हळू लांब करायचा, मग बाहेर न्यायचा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, तीस आकडे मोजायचे. मी मोजत होतो. सतराला तिचा पाय थरथरला.

"दुखलं का?"

"हो. थोडं अलीकडे थांबत जा."

मग टॉवेल जमिनीवर टाकून बोटांनी गोळा करायचा. मग पोटऱ्या ताणायच्या. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, उघडा बर्फ नाही. कापसाची उशी कशी कापायची तेही दाखवलं. तिच्या पायावर एकदा करायचो, माझ्या पायावर एकदा. कुंता म्हणाली, "आता समजलं. मी दावं ओढून राहिली होती."

तिला विचारलं, दिवसभर दवाखान्यात उभी कशी राहतेस? म्हणाली, राहते. मग बोलता बोलता मी तिला रजिस्टरचंही सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तिने ओले मोजे पिळले.

"पायाचं मी सांगितलं मामाजी. त्याचं तुम्हीच पाहा."

२५ फेब्रुवारी

गोंदियाला हाडाच्या डॉक्टरकडे. भूमेश्वरी सोबत. मला वाटलं होतं तिचा अपमान होईल, तर तिने स्वतःच डॉक्टरला सगळा पाय समजावला. डॉक्टरने जखम साफ केली, हाडाचा एक्स-रे काढला. जखम वरवरच आहे, हाडापर्यंत गेली नाही. आणखी आठ दिवस गमबूट घातले असते तर सांगता येत नव्हतं, म्हणाले. औषध दिलं. ऑपरेशन आत्ता नको. रुंद बूट आणि व्यायामाने सहा महिने पाहू, तरी चालवेना तर मग बोलू.

बाजारात नऊ नंबरचे, पुढून चौडे बूट घेतले. भाचीच्या बुटांचे भाऊच.

१ मार्च

जखम सुकली. पहिल्यांदा अंगणातून रस्त्यापर्यंत चाललो, दुखलं पण आग झाली नाही.

आमच्या उरलेल्या परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन मी आणि कुंता काल बैलगाडीत बसून बिसरामच्या पिवळ्या बांधीवर गेलो. परे वाढून गेले होते, अर्धे जगतील. कुंता आणि बिसरामची बायको रोवत होत्या, मी धुऱ्यावर बसून पेंढ्या फेकत होतो.   चहा आला नाही, तो यावा असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

२ मार्च

सभा. शाळेच्या खोलीत तीसेक लोक. केशोराव यांनी रजिस्टर उघडलं आणि १३ फेब्रुवारीची ओळ वाचली. मग म्हणाले, "बिसराम, यावर तुझं काय म्हणणं आहे?"

बिसराम उठायच्या आधी मी उठलो. बसलो असतो तर पुन्हा उठवलं नसतं.

"ती ओळ खोटी आहे. मी तिसऱ्या गेटवरून परत आलो. बिसराम खरं बोलून राहिला."

खोलीत गलका झाला. मागून कोणी म्हणालं, एकोणीस वर्षं असंच चालू असन. ते सगळ्यात जास्त लागलं. मी खाली बसलो आणि उजवा बूट काढला, मोजा काढला, पाय बाकावर ठेवला. लोक वाकून पाहू लागले. गोवर्धन म्हातारा म्हणाला, "माझ्या बुढीचाबी असाच आहे." आणखी दोघांनी आपापल्या घरातली नावं घेतली. केशोराव यांनी विचारलं, "आधी काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं, "फोटो काढला होता जी तुम्ही. लहान होतात म्हणायची लाज वाटली." कोणी हसलं नाही.

"पायाचं कारण सांगून सुटाचं नाई मले," मी म्हटलं. "पाय दुखला तो दुखला. लिहिलं ते मी हातानं लिहिलं."

बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: १२ मार्चच्या पाळीला मी वरपासून टेलपर्यंत पायी जायचं, बिसरामने सोबत चालायचं. पोचलो तर चावी माझ्याकडे. नाही पोचलो तर तिथेच चावी बिसरामच्या हातात. बिसरामला विचारलं, त्याने मान हलवली. टेलच्या माणसाला चावी मिळावी हे काही वाईट नाही, असं मला स्वतःलाच वाटून गेलं.

८ मार्च

रोज दोनदा व्यायाम. टॉवेल आता बोटांनी पुरता गोळा होतो. हाड होतं तिथेच आहे. कुंता म्हणते, "एवढी सेवा माझी केली असती तर मी उडून गेली असती."

१२ मार्च

सकाळी सात वाजता वरचं गेट उघडलं. बिसराम फावडं घेऊन आला होता. पहिल्या गेटपर्यंत तो पुढे, मी मागे.

प्रत्येक गेटवर बसलो, बूट काढला, दहा मिनिटं पाय नहरीच्या पाण्यात. पूर्वी असं बसणं मला कमीपणाचं वाटलं असतं. तिसऱ्या गेटवर, जिथून मागे परत आलो होतो, बिसरामने विचारलं, "इथंच बसले होते का?" मी म्हटलं, "इथंच." तो म्हणाला, "आवाज द्याचा होता. मी आलो असतो." 

चौथ्या गेटच्या पुढे पाइपात पुन्हा गवत होतं. बिसरामने उतरून काढलं. मी वरून पोतं ओढून घेतलं. शेवटचा किलोमीटर दुखलं. हळू चाललो, पाणी आमच्यापुढे गेलं. टेलवर पोचलो तेव्हा ते बिसरामच्या बांधीत शिरत होतं. नव्याने रोवलेल्यांपैकी बरीच रोपं उभी आहेत.

रजिस्टरमध्ये लिहिलं: "टेलपर्यंत पाणी पोचले. दु. ३.४०. पाटकरी ४.०५ ला पोचला." खाली माझी सही. मग बिसरामलाही सही करायला लावली. तो म्हणाला, "माझी कायले?" मी म्हटलं, "आजपासून दर पाळीला दोन सह्या." त्याने केली. चावी माझ्याकडेच राहिली, पण पुढच्या पाळीपासून चौथ्या गेटच्या पुढचं तो पाहणार, मी केशोराव यांना तसं कळवून टाकलं.

१६ मार्च

रविवार, म्हणून भूमेश्वरीला फोन केला. १२ तारखेचं सगळं सांगितलं. तिने नेहमीसारखे प्रश्न विचारले. सूज आली का, किती वेळ राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं, बूट कुठे घासले. मी सगळ्याची उत्तरं दिली. ती म्हणाली, छान, असंच चालू ठेवा, आणि फोन ठेवायला निघाली.

मी म्हटलं, "थांब बाई. तुझे पाय कसे आहेत?"

  

ती म्हणाली, "थांबा मामाजी. बसून सांगते."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अर्धा तास बोलली. मी ऐकत होतो.